रतनवाडी ते हरिश्चंद्रगड, भर पावसात: घरमुक्कामाच्या तीन दिवसांच्या ट्रेकचे टप्पे

रतनवाडीतून निघून कात्राबाईची खिंड ओलांडायची, कुमशेतला मुक्काम करायचा, तिथून पाचनई गाठायची आणि शेवटी हरिश्चंद्रगड चढायचा, असा बेत जुलै-ऑगस्टमध्ये अनेक गट आखतात. यांतले बरेच गट हिवाळ्यात चालून पाहिलेले वेळापत्रक जसेच्या तसे पावसाळ्यात वापरतात आणि तिथेच त्यांचे गणित बिघडते. हिवाळ्यात दगडांवर पाय ठेवून ओलांडलेला ओढा पावसाळ्यात वाट अडवून उभा असतो, पठारावर वीस पावलांपलीकडचे दिसत नाही आणि भिजलेले अंग दुपारनंतर साथ सोडू लागते. पुढचे टप्पे डोंगरात आधी चाललेल्या, पण भर पावसात सलग तीन दिवस न चाललेल्या माणसांसाठी आहेत. डोंगरात पहिल्यांदाच जाणाऱ्याने ही वाट पावसाळ्यात निवडू नये.

१. दिवस पाडणे

ही वाट दोन पाणलोटांतून जाते. रतनवाडीकडचे पाणी प्रवरेला मिळते, कुमशेत-पाचनईकडचे मुळेला, आणि दोहोंच्या मध्ये कात्राबाईची रांग आहे. रतनवाडी, कुमशेत आणि पाचनई या तिन्ही गावांना गाडीरस्ता आहे, पण रतनवाडी ते कुमशेत या संपूर्ण पट्ट्यात मध्येच बाहेर पडायला रस्ता नाही. त्यामुळे या ट्रेकचा सर्वांत लांब आणि सर्वांत अडचणीचा दिवस पहिलाच असतो, आणि तो ताज्या पायांनी व भल्या सकाळी सुरू झाला पाहिजे. मुंबई-पुण्याहून रात्रभर प्रवास करून पहाटे रतनवाडीत उतरायचे आणि चहा घेऊन चालायला लागायचे, ही सर्रास होणारी चूक आहे. आदल्या संध्याकाळी रतनवाडीत पोहोचून तिथे झोपावे.

पहिल्या दिवशी रतनवाडी ते कुमशेत, दुसऱ्या दिवशी कुमशेत ते पाचनई एवढेच, आणि तिसऱ्या दिवशी पाचनईहून गड चढून पुन्हा पाचनईला उतरणे, अशी आखणी मला योग्य वाटते. दुसरा दिवस मुद्दाम आखूड ठेवलेला आहे, कारण पहिल्या दिवशी ओढ्याने किंवा धुक्याने खाल्लेला वेळ कुठून तरी भरून काढावा लागतो आणि भिजलेले सामान वाळवायलाही अर्धा दिवस लागतो. कुमशेतहून पाचनई आणि त्याच दिवशी गड, मग रात्री गडावरच्या गुहेत मुक्काम, हा हिवाळ्यातला लोकप्रिय बेत पावसात सोडून द्यावा. पावसाळ्यात त्या गुहा ओलसर असतात, वाऱ्याबरोबर तुषार आत येतात आणि ओल्या कपड्यांत काढलेली रात्र दुसऱ्या दिवसाचे बळ संपवते. रतनगडही या बेतात घेऊ नये. शिड्या, गर्दी आणि ओला कातळ यांत तीन-चार तास जातात, आणि ते तास खिंडीसाठी लागणार असतात.

तपासणी: प्रत्येक दिवसाच्या शेवटी दुपारी चारनंतरचा वेळ मोकळा राहतो का? राहत नसेल तर बेत पुन्हा मांडा. जुलैमध्ये सूर्यास्त सव्वासातच्या सुमारास असला, तरी ढगांखालच्या जंगलात साडेसहालाच वाट दिसेनाशी होते.

२. हवामानाचा अंदाज वाचणे

अहिल्यानगर जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत आहे आणि ही वाट ज्यात आहे त्या अकोले तालुक्याचा पश्चिम कडा मात्र घाटमाथ्यावर आहे. जिल्ह्याचा इशारा पाहून ‘हलका ते मध्यम पाऊस’ वाचणारा गट घाटघर-रतनवाडी परिसरात पोहोचल्यावर गोंधळून जातो, कारण इथे पडणारा पाऊस नगर शहराच्या पावसाशी काहीही नाते सांगत नाही. म्हणून भारतीय हवामान विभागाचे नाशिक आणि पुणे जिल्ह्यांच्या घाटभागासाठीचे इशारे, तसेच शेजारच्या ठाणे जिल्ह्याचा इशारा, असे तिन्ही एकत्र पाहावेत आणि त्यांतला सर्वांत कडक इशारा आपला समजावा.

हवामान विभागाच्या भाषेत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार पाऊस, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिजोरदार, आणि त्याहून अधिक म्हणजे अत्यंत जोरदार. या मोजणीचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो, त्यामुळे ‘काल’ची नोंद वाचताना तिच्यात आज पहाटेचा पाऊसही धरलेला असतो हे लक्षात ठेवावे. घाटभागासाठी नारिंगी इशारा असेल तर खिंडीचा दिवस रद्द करावा. लाल इशारा असेल तर घरूनच निघू नये. निघण्याआधीचे दोन दिवस सतत मुसळधार पाऊस झाला असेल, तर आजचा अंदाज सौम्य असला तरी जमीन पाण्याने तुडुंब भरलेली असते आणि थोड्याशा सरीनेही ओढे चढतात.

जूनच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात दुपारनंतर विजांचा धोका असतो. त्या काळात दुपारी उघड्या पठारावर किंवा लोखंडी रेलिंगजवळ थांबू नये.

इशारा: पावसाळ्यात जिल्हा प्रशासन आणि वन विभाग काही ठिकाणी बंदी आदेश काढतात. ही वाट कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातून जाते. निघण्याच्या आदल्या दिवशी गावात फोन करून वाट खुली असल्याची खात्री करा.

३. घरे, वाटाड्या आणि गाडी ठरवणे

मुक्काम तिन्ही गावांत घरांमध्येच करायचा आहे, त्यामुळे निदान आठवडाभर आधी फोन करून माणसांची संख्या, पोहोचण्याची वेळ आणि जेवणाचे पैसे ठरवून घ्यावेत. कुमशेतमध्ये मोबाइलची रेंज भरवशाची नाही. म्हणून यजमानांना आधीच सांगून ठेवावे: ‘मामा, आम्ही शनिवारी दुपारी चारपर्यंत येतो, सातपर्यंत आलो नाही तर रतनवाडीला निरोप पाठवा.’ हा निरोप कोणी, कोणाला, किती वाजता द्यायचा हे ठरलेले असले की शोध वेळेत सुरू होतो.

पहिल्या दिवसासाठी रतनवाडीतला वाटाड्या घ्यावाच. नकाशा, जीपीएस आणि मागच्या वेळचा अनुभव असूनही घ्यावा, कारण या आठवड्यात कोणता ओढा कुठे उतरतो आणि कुठली वाट खचली आहे हे फक्त त्याला माहीत असते. पैसे आधी ठरवा आणि वाटाड्या ‘आज नको’ म्हणाला तर त्याच्याशी घासाघीस करू नका.

गट चार ते आठ जणांचा असावा. चारपेक्षा कमी असतील तर एकाला दुखापत झाल्यावर एक जवळ थांबणे आणि दोघांनी मदत आणणे जमत नाही. आठपेक्षा जास्त असतील तर प्रत्येक ओढ्यावर अर्धा-पाऊण तास जातो. परतीची गाडी पाचनईला बोलवावी, पण चालकाला कुमशेतचा रस्ताही सांगून ठेवावा. ट्रेक कुमशेतला सोडावा लागला तर राजूरमार्गे बाहेर पडता येते.

४. सॅक भरणे

सॅकवर चढवायचे कव्हर हा पावसापासूनचा खरा बचाव नाही. पाठीकडून पाणी आत झिरपते, वाऱ्याने कव्हर फुगते आणि ओढ्यात ते पाण्याने भरते. सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी उघडून बसवावी, सगळे सामान तिच्यात भरावे, हवा दाबून काढावी, तोंड पिळून दुमडावे आणि रबराने बांधावे. या मोठ्या पिशवीत आणखी एक छोटी पिशवी असते आणि तिच्यात मुक्कामाचे कपडे असतात: एक पूर्ण बाह्यांचा गरम टी-शर्ट, एक पँट, अंतर्वस्त्रे, लोकरी मोजे आणि कानटोपी. ही पिशवी घराचा उंबरठा ओलांडल्याशिवाय उघडायची नाही, आणि तिच्यातले कपडे घालून सकाळी चालायला निघायचे नाही. सकाळी कालचेच ओले कपडे पुन्हा अंगावर चढवणे नकोसे वाटते, तरीही तेच करावे. दहा मिनिटांत अंग तापते, आणि कोरडा जोड संध्याकाळसाठी शिल्लक राहतो. बहुतेक गट दुसऱ्या सकाळी इथेच मोह आवरत नाहीत आणि दुसऱ्या रात्री कोणाकडेच कोरडे काही उरत नाही.

चालताना सुती कपडे आणि जीन्स टाळावी, कारण ती पाणी धरून ठेवतात. पोंचो वाऱ्यात तोंडावर उडतो आणि उतारावर स्वतःचे पाय दिसू देत नाही, म्हणून कमरेपर्यंतचे जॅकेट बरे. बुटाचा तळ खोल खाचांचा आणि मऊ रबराचा असावा. शेवाळलेल्या कातळावर कडक तळ घसरतो. नखे निघण्याच्या दोन दिवस आधी कापावीत.

खाण्यात खिशातून काढून चालता चालता खाता येईल असे हवे: खजूर, गूळ-शेंगदाणे, चिक्की, दशम्या. पावसात तहान लागत नाही, पण घाम येतच असतो. दर तासाला थांबून सर्वांनी एकत्र पाणी प्यावे आणि त्यातली एक बाटली जलसंजीवनीची असावी. ओढ्याचे गढूळ पाणी पिऊ नये. मुक्कामाच्या घरातून उकळलेले पाणी भरून घ्यावे.

तपासणी: भरलेली सॅक न्हाणीघरात ठेवून तिच्यावर दोन बादल्या पाणी ओता आणि उघडून पाहा. फोन, पॉवर बँक, हेडटॉर्च आणि औषधे वेगवेगळ्या सीलबंद पिशव्यांत आहेत ना? नकाशा फोनमध्ये ऑफलाइन उतरवला आहे ना, आणि त्याची एक छापील प्रत प्लॅस्टिकमध्ये आहे ना? ओल्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही.

५. पहिला दिवस: रतनवाडी ते कुमशेत

सकाळी साडेसहाला पावले उचललेली असावीत. अमृतेश्वर मंदिराच्या गावातून बाहेर पडल्यावर लवकरच प्रवरेचे सुरुवातीचे पात्र आडवे येते, आणि दिवसाचा पहिला निर्णय तिथेच घ्यावा लागतो. इथेच पाणी गुडघ्याच्या वर असेल तर पुढचे ओढेही तसेच असणार, आणि परत फिरायला याहून स्वस्त जागा पुढे मिळणार नाही. अशा वेळी गावात परतावे, गाडीने राजूरमार्गे पाचनईला जावे आणि तिथून गडाचा बेत करावा. ट्रेक वाया गेला असे मानण्याचे कारण नाही.

पात्र ओलांडता आले, तर पुढे जंगलातून चढ लागतो आणि रतनगडाची वाट व कात्राबाईची वाट वेगळ्या होतात. पावसाळ्यात गवत वाढल्याने फाटा झाकलेला असतो आणि गर्दीच्या पायांनी मळलेली गडाची वाटच ठळक दिसते. त्यामुळे अनेक गट न कळत शिड्यांखाली जाऊन पोहोचतात. फाट्यावर सर्वांनी एकत्र थांबून, मोजून, मगच वळावे.

दुपारी बारापर्यंत खिंड गाठलेली असावी. बारा वाजता खिंड समोर दिसत असली तरी तिथे पोहोचलेलो नसू, तर परत रतनवाडीला फिरावे. खिंडीपलीकडचा उतार तीव्र आणि निसरडा आहे, त्यानंतरही ओढे आहेत, आणि त्या बाजूला अंधार पडला तर मदत पोहोचणे अवघड आहे. ही वेळ घरी बसून ठरवावी आणि कागदावर लिहावी, कारण खिंडीच्या तोंडाशी थकलेला माणूस ‘आणखी अर्धाच तास’ म्हणणारच.

इशारा: हिरव्या फांद्यांवर चापडा हा विषारी साप बसलेला असतो आणि तो हलत नाही. चढताना आधारासाठी झुडपाला हात घालण्याआधी नीट पाहा.

६. ओढा ओलांडण्याची पद्धत

पावसाळी ट्रेकमध्ये माणसे कड्यांना घाबरतात आणि ओढ्यांना घाबरत नाहीत. माझ्या मते धोक्याचा क्रम याच्या उलट आहे. ओढ्याशी आल्यावर आधी सॅक उतरवून पाच मिनिटे नुसते पाहावे. काठावरच्या एका दगडाला पाणी कुठवर टेकते आहे ते लक्षात ठेवावे आणि पाच मिनिटांनी पुन्हा पाहावे. पाणी चढत असेल, गढूळ होत असेल, त्यातून पाने-काटक्या वाहत असतील किंवा तळातून दगड गडगडण्याचा आवाज येत असेल, तर वर कुठेतरी पाऊस वाढला आहे आणि हा ओढा आता ओलांडायचा नाही. लहान पाणलोटाचे ओढे पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरतात, त्यामुळे वाट पाहणे हा खरा पर्याय आहे. पुढच्या वेळापत्रकात बसत नसेल तर परत फिरणे हा दुसरा.

ओलांडायचेच असेल, तर क्रम असा ठेवावा.

१. ओढा जिथे रुंद पसरला आहे ती जागा निवडा. अरुंद जागी पाणी खोल आणि वेगवान असते. खालच्या बाजूला धबधबा, मोठे धोंडे किंवा अडकलेले ओंडके असतील ती जागा टाळा.

२. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा, म्हणजे पडल्यास सॅक टाकून देता येईल.

३. बूट पायातच ठेवा. अनवाणी पाय दगडांत अडकतो.

४. तोंड प्रवाहाकडे करून, काठी पुढे रोवून, एका वेळी एकच पाय हलवत आडवे सरका. तीन-तीन जणांनी एकमेकांच्या खांद्याचे पट्टे धरून एकत्र जावे, सर्वांत दणकट माणूस पाणी येते त्या वरच्या बाजूला ठेवावा.

५. पाणी मांडीला लागले की मागे फिरा, मध्यावर पोहोचला असलात तरी.

कमरेला दोर बांधून एकाला पाण्यात सोडणे हा प्रकार सर्रास दिसतो आणि तो जिवावर बेतू शकतो. पडलेल्या माणसाला ताणलेला दोर पाण्याखाली दाबून धरतो. दोरीचे तंत्र न शिकलेल्यांनी ओढ्यावर दोर वापरू नये.

७. धुक्यात वाट धरणे

धुक्यात सर्वांत पुढे वाटाड्या आणि सर्वांत मागे गटातला अनुभवी माणूस असावा, आणि प्रत्येकाला पुढचा माणूस दिसत राहिला पाहिजे. तो दिसेनासा झाला की थांबून शिट्टी वाजवावी. मदतीचा संकेत एका मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबा, आणि उत्तराला तीन शिट्ट्या, हे निघण्याआधी सर्वांना पाठ असावे.

पठारावर सर्वाधिक फसवतात त्या ढोरवाटा. गुरांनी पाडलेली वाट माणसाच्या वाटेइतकीच ठळक असते, पण ती चरणीकडे जाऊन विरते किंवा कड्याच्या टोकाशी संपते. वाट अचानक दोन-तीन फाट्यांत फुटली, शेण दिसू लागले आणि दगडांवरचे बाण दिसेनासे झाले, तर शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत मागे या. तिरके कापून पुढची वाट शोधण्याचा प्रयत्न करू नका.

तपासणी: गटात कोणी अडखळू लागला आहे का, बोलताना जीभ जड झाली आहे का, थरथरतो आहे का, किंवा नेहमी बोलणारा एकदम गप्प झाला आहे का? वीस अंश तापमानातही वारा आणि ओले कपडे मिळून अंगातली ऊब काढून घेतात. अशा माणसाला आडोशाला घेऊन त्याचे ओले कपडे काढा, कोरडे घाला, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा आणि शुद्धीत असेल तर गरम गोड पेय द्या. त्याचा कोरडा जोड अशा वेळी वापरायलाच हवा. हातपाय चोळू नका आणि दारू देऊ नका.

८. घरातला मुक्काम

घरी पोहोचल्यावर आधी ओसरीवरच बूट, मोजे आणि जॅकेट काढून पिळावे, पाय धुऊन पुसून कोरडे करावेत आणि मगच आत जावे. शेणाने सारवलेल्या जमिनीवर आठ माणसांचे निथळते कपडे आणले, तर त्या घराची रात्र ओली जाते. पाय तासभर उघडे ठेवून बोटांच्या बेचक्यांत पावडर लावावी, सकाळी निघताना व्हॅसलीन चोळावे. दिवसभर भिजलेली कातडी पांढरी पडून सोलवटते आणि तिसऱ्या दिवशी उतार उतरणे असह्य होते.

बुटांतले आतले तळवे काढून बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत, तासाभराने बदलावेत. बूट चुलीशी ठेवू नयेत. उष्णतेने तळाचा गोंद सुटतो आणि दुसऱ्या दिवशी अर्ध्या वाटेत तळ लोंबकळू लागतो. चुलीवर कपडे वाळवायचे असतील तर मावशींना विचारावे आणि स्वयंपाक उरकल्यावरच वाळत घालावेत. पिठले-भाकरी असो की वरण-भात, पोटभर आणि गरम असतानाच जेवावे.

इशारा: ३० जुलै २०१४ रोजी माळीण आणि १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडी अशा पावसातच दरडीखाली गेली. रात्री पाऊस कोसळत असेल, वरच्या उतारावर नव्या भेगा पडल्या असतील, कुठून तरी गढूळ पाणी उमळू लागले असेल किंवा दगड घरंगळत असतील, तर घरच्यांना उठवा आणि सर्वांनी उतारापासून दूर व्हा.

९. दुसरा दिवस: कुमशेत ते पाचनई

निघण्याआधी यजमानांना रात्रीच्या पावसाबद्दल आणि ओढ्यांबद्दल विचारावे. गावात कोणी सकाळी पलीकडे जाऊन आला असेल तर त्याचा शब्द कोणत्याही ॲपपेक्षा मोलाचा आहे. इथे रस्ता जवळ असल्याने ट्रेक सोडण्याची ही सोयीची जागा आहे. कोणाचा घोटा सुजला असेल, अंगात कणकण असेल किंवा कोरडा जोड भिजला असेल, तर त्याने एका सोबत्यासह गाडीने पाचनईला यावे. बाकीच्यांनी मुळेच्या खोऱ्यातून पेठेच्या वाडीमार्गे चालत यावे आणि दुपारी जेवणाला पाचनईत असावे. उरलेला दिवस सामान वाळवण्यात आणि झोपेत घालवावा.

१०. तिसरा दिवस: गड

पाचनईची वाट गडाच्या सर्व वाटांत पावसाळ्याला सर्वांत योग्य आहे. नळीच्या वाटेचा आणि साधले घाटाचा विचारही पावसात करू नये. या वाटेवर कातळाखालून आडवे जाताना रेलिंग आहे, पण त्यावर पूर्ण भार टाकू नये. वर मंदिराकडे जाताना पाण्याची वाट आडवी येते, तिथे टप्पा ६ मधलाच नियम लावावा आणि परतीच्या वेळी पाणी वाढलेले असू शकते हे धरून चालावे. सकाळी सातला निघून दुपारी एकला उतरायला लागावे.

केदारेश्वराच्या गुहेत साचलेल्या थंड पाण्यात उतरू नये. अंगातली ऊब उतरण्यासाठी राखून ठेवायची आहे. कोकणकड्यावर धुके असेल तर जाण्यात अर्थ नाही, काहीही दिसत नाही. धुके विरळ असेल तरी कड्यापासून लांब, बसूनच पाहावे. वाऱ्याचा झोत कोकणातून वर येतो आणि मध्येच पडतो, तेव्हा त्याच्यावर रेलून उभा असलेला माणूस पुढे झुकतो.

११. परतल्यानंतर

पाचनईहून गाडीत बसल्यावर रेंज मिळताच घरच्या माणसाला आणि रतनवाडीच्या वाटाड्याला सर्वजण उतरल्याचे कळवावे. कळवायचे राहिले तर कोणी तरी विनाकारण शोधाला निघेल. वाटेत अपघात झालाच तर पोलिसांसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक आहेत. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा मदत क्रमांकही निघण्याआधी प्रत्येकाने कागदावर लिहून घेतलेला असावा.

घरी आल्यावर पायांवरच्या लहानसहान जखमा साबणाने धुऊन कोरड्या ठेवाव्यात. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, अंगदुखी, पोटऱ्यांत वेदना किंवा डोळ्यांत लाली आली, तर अंगावर काढू नये. डॉक्टरांना आपण भातखाचरांच्या चिखलातून आणि ओढ्यांतून चालून आल्याचे स्वतःहून सांगावे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस आणि स्क्रब टायफस यांच्या तपासण्या सुरुवातीलाच होतील.